डार्विनने रंग न भरलेला समुद्र

चार्ल्स डार्विन म्हटलं की बहुतेकांना लांब पांढरी दाढी आठवते आणि शाळेच्या पुस्तकातली माकडापासून माणसापर्यंतची ती रांग. मी ज्या डार्विनबद्दल लिहितोय तो ३३ वर्षांचा आहे, त्याला दाढी नाही आणि उत्क्रांतीवरचं त्याचं पुस्तक यायला अजून १७ वर्षं आहेत. १८४२ मध्ये त्याने समुद्रातल्या प्रवाळ खडकांवर एक पुस्तक काढलं आणि त्याला एक रंगीत नकाशा जोडला. त्यात मालदीव निळ्या रंगात आहेत. पर्शियन आखाताच्या तोंडाशी असलेली होर्मुझ आणि लारक ही बेटं तांबडी आहेत. आणि मी जिथे नोकरी करतो त्या बहरीनच्या बाजूचा, आखाताचा वरचा भाग त्याने कोरा सोडला आहे.

तो कोरा का राहिला हे त्याने त्याच पुस्तकात सांगून ठेवलंय. ते वाचल्यापासून हा माणूस मला जास्त जवळचा वाटतो. पण त्यासाठी त्याची गोष्ट सुरुवातीपासून सांगायला हवी.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावातला. वडील नावाजलेले डॉक्टर, आजोबाही डॉक्टर. तो आठ वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी त्याला एडिंबरोला मेडिकलला घातलं. त्या काळी भूल द्यायची सोय नव्हती. शस्त्रक्रिया बघवेनात, म्हणून हा दोन वर्षांत परत आला. मग निदान पाद्री तरी होईल म्हणून केंब्रिजला पाठवलं, तर तिथे अभ्यासापेक्षा भुंगेरे गोळा करण्यातच त्याचा वेळ जायचा. घरच्यांच्या आग्रहाखातर एका शाखेत प्रवेश घेऊन भलत्याच कामात रमलेले लोक आपल्यात कमी नाहीत, त्यामुळे या घरातलं वातावरण वेगळं सांगायला नको.

१८३१ मध्ये त्याला बीगल नावाच्या जहाजावरून जगप्रवासाला जायची संधी आली. कप्तान फिट्झरॉयला निसर्गाचा अभ्यास असलेला एक सोबती हवा होता. पगार नाही, उलट खर्च घरून. वडिलांनी साफ नकार दिला, पण एक फट ठेवली. एखाद्या शहाण्या माणसाने जा म्हटलं तर परवानगी देईन, असं ते म्हणाले. हा गेला मामाकडे. जोसाया वेजवुड हे त्याच्या आईचे सख्खे भाऊ, चिनी मातीच्या भांड्यांचा मोठा कारखाना चालवणारे. वडिलांच्या आठ हरकती त्याने कागदावर उतरवून दिल्या, मामांनी एकेकीला उत्तर लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन स्वतः मेहुण्यांच्या घरी हजर झाले. परवानगी मिळाली. वडील ऐकत नसले की मामाला मध्ये घालायचं, ही युक्ती फक्त आपल्याकडचीच नाही! पुढे १८३९ मध्ये डार्विनचं लग्नही याच मामांच्या मुलीशी, एमाशी झालं.

२७ डिसेंबर १८३१ रोजी बीगल निघालं. दोनेक वर्षांचा म्हणून सुरू झालेला प्रवास जवळजवळ पाच वर्षं चालला. परदेशात दोन वर्षांसाठी म्हणून आलेल्या आपल्या मंडळींना हा हिशोब ओळखीचा आहे. बोट लागण्याचा त्रास त्याला शेवटपर्यंत सुटला नाही. घरी बहिणींना पत्रं जायची, उत्तरं कितीतरी महिन्यांनी पुढच्या बंदरात भेटायची.

आता त्या वेळचं कोडं काय होतं ते बघू. उष्ण समुद्रात प्रवाळांच्या तीन तऱ्हा दिसतात. काही ठिकाणी ते किनाऱ्याला चिकटून वाढतात. काही ठिकाणी किनाऱ्यापासून दूर त्यांची भिंत उभी असते आणि भिंत व किनारा यांच्यामध्ये शांत, उथळ पाणी असतं. या पाण्याला लगून म्हणतात. आणि काही ठिकाणी मध्ये बेटच नसतं, नुसतं प्रवाळांचं कडं आणि आत लगून. लक्षद्वीप आणि मालदीव या तिसऱ्या प्रकारचे. अडचण अशी की भिंत बांधणारे प्रवाळ उथळ, उजेडाच्या पाण्यातच जगतात. ही कडी मात्र हजारो फूट खोल समुद्रात उभी असतात. मग पाया कशाचा?

चार्ल्स लायल हे तेव्हाचे सर्वांत मोठे भूवैज्ञानिक. त्यांचं म्हणणं होतं की समुद्रात बुडालेल्या ज्वालामुखीच्या तोंडाच्या काठावर प्रवाळ वाढले, म्हणून कडं गोल. डार्विन लायलचं पुस्तक बरोबर घेऊन निघाला होता आणि त्यांना गुरू मानत होता. तरी त्याला हे पटेना. मालदीवमधली काही कडी ७०-८० किलोमीटर लांब आहेत. एवढं मोठं ज्वालामुखीचं तोंड कोणी पाहिलंय? आणि शेकडो ज्वालामुखींची तोंडं नेमकी पाण्याखाली थोड्याच अंतरावर येऊन थांबली, हे कसं मानायचं?

गंमत अशी की उत्तर त्याला सुचलं ते खरी प्रवाळभिंत पाहण्याच्या आधी, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. २० फेब्रुवारी १८३५ ला चिलीत मोठा भूकंप झाला. डार्विन तेव्हा वाल्दिव्हियाजवळच्या रानात पडून विश्रांती घेत होता. काही दिवसांनी बीगल काँसेप्सियोनला पोचलं तेव्हा शहराची नुसती माती झाली होती. जवळच्या सांता मारिया बेटावर फिट्झरॉयला कुजलेल्या शिंपल्यांचे थर खडकाला चिकटलेले सापडले, भरतीच्या रेषेपासून दहा फूट वर. म्हणजे जमीनच वर उचलली गेली होती. अँडीज पर्वतातही त्याला समुद्री शिंपले सापडले. त्याने उलटा विचार केला. इथे जमीन वर येते, तर दुसरीकडे समुद्राचा तळ खाली जात असला पाहिजे. तळ हळूहळू खाली जाताना प्रवाळांचं काय होईल?

आपल्या ताटात भाताची मूद आहे आणि भोवती वरण आहे असं समजा. मूद म्हणजे ज्वालामुखीचं बेट. सुरुवातीला प्रवाळ मुदीला चिकटून असतात. मूद खचायला लागते. प्रवाळ मात्र जिवंत आहेत, ते उजेडासाठी वर वर वाढत राहतात. मूद लहान होते, प्रवाळांची भिंत जागेवर उंच होत जाते आणि दोघांमध्ये वरणाचं वलय तयार होतं, तेच लगून. शेवटी मूद पूर्ण बुडते आणि उरतं फक्त कडं. म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी नव्हत्याच, एकाच गोष्टीच्या तीन वेळा होत्या. अट एकच, खचण्याचा वेग प्रवाळांच्या वाढीपेक्षा कमी हवा. वेग जास्त झाला की सगळंच बुडालं.

नोव्हेंबर १८३५ मध्ये ताहितीच्या डोंगरावर चढून त्याने समोरचं मोरेआ बेट पाहिलं. मध्ये डोंगर, भोवती शांत पाणी, त्याबाहेर फेसाळणारी पांढरी रेघ. डोंगर नाहीसा झाला तर उरेल ते हुबेहूब कडं.

एप्रिल १८३६ मध्ये बीगल हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर थांबलं. तिथे मोजमापं झाली. दोरीला बांधलेल्या शिशाच्या वजनाला खालून चरबी लावायची आणि ते पाण्यात सोडायचं. तळाला जे असेल त्याचा ठसा चरबीवर येतो. दहा फॅदम, म्हणजे साठ फुटांपर्यंत, जिवंत प्रवाळांचे स्वच्छ ठसे आले. जसजसं खोल जावं तसतसे ठसे कमी आणि चरबीला चिकटलेली वाळू जास्त. लाटा फुटतात तिथून जेमतेम दोन किलोमीटर बाहेर फिट्झरॉयने ७,२०० फूट दोरी सोडली, तरी तळ लागला नाही. उथळ पाण्यात जगणारे जीव आणि शेजारी अशी खोली! माझ्या कामात आम्ही आधी अंदाज बांधतो आणि मग तो खोटा पडतो का ते टेस्ट करतो. डार्विनने ही शिस्त दोरी, शिसं आणि चरबीवर पाळली, २७ व्या वर्षी.

२ ऑक्टोबर १८३६ ला तो इंग्लंडला परतला. ३१ मे १८३७ ला लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीसमोर त्याने ही कल्पना मांडली. लायलने शिष्याचं ऐकून स्वतःची कल्पना सोडून दिली. हेही सोपं नसतं.

पण पुस्तकाला आणखी पाच वर्षं लागली, कारण आता त्याला सगळं जग तपासायचं होतं. स्वतः पाहिलेली बेटं मोजकी, म्हणून त्याने जगभरचे समुद्री नकाशे आणि खलाशांचे अहवाल काढून वाचले. इथे मुंबईचा संबंध येतो. हिंदी महासागर आणि आखात यांचे तेव्हाचे चांगले नकाशे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमाराने बनवले होते. १८२० च्या दशकात याच आरमाराचे अधिकारी आखाताचा अरबी किनारा मोजत होते. पुढे कप्तान रॉबर्ट मोर्सबी याने तांबडा समुद्र, मालदीव आणि चागोस मोजले, आणि मालदीवबद्दलचा डार्विनचा बराचसा आधार मोर्सबीच्या कामाचा आहे. डार्विन मालदीवला कधी गेलाच नाही. मुंबईहून निघालेल्या जहाजांनी टाकलेल्या दोऱ्या त्याने लंडनमध्ये बसून वाचल्या.

नकाशात गडद निळा रंग म्हणजे नुसती कडी, फिकट निळा म्हणजे दूरची भिंत, तांबडा म्हणजे किनाऱ्याला चिकटलेले प्रवाळ, आणि ठिपके म्हणजे जागे ज्वालामुखी. रंगवून झाल्यावर दिसलं की ठिपके निळ्या पट्ट्यांमध्ये पडत नाहीत. जिथे तळ खचतोय तिथे जागा ज्वालामुखी नाही. कल्पना खोटी असती, तर तिथेच उघडी पडली असती.

आखाताकडे आल्यावर त्याच्यापुढे कंपनीचे मोठ्या मापाचे नवे नकाशे होते. दक्षिण किनाऱ्यावर प्रवाळ असावेत असं दिसत होतं. पण पाणी फार उथळ, वाळूचे दांडे पुष्कळ, आणि नकाशावर दांडा कुठला आणि प्रवाळ कुठला हे वेगळं करता येईना. तोंडाशी खोल पाण्यातल्या होर्मुझ आणि लारकबद्दल शंका नव्हती, म्हणून ती रंगवली. आखातात कडी नाहीत एवढं त्याने ठामपणे लिहिलं आणि वरचा भाग कोरा सोडला. तांबडा रंग भरला असता तरी कोणी विचारायला येणार नव्हतं. स्वतःच्या कल्पनेला आधार देणारा नकाशा करताना, जिथे खात्री नाही तिथे ब्रश न लावणं, हे मला त्याच्या साऱ्या मोठेपणात मोठं वाटतं. आपल्याकडे प्रेझेंटेशनमधली एखादी रिकामी चौकट किती लोकांना सहन होते?

त्याच वर्षी, १८४२ मध्ये, तो लंडन सोडून डाउन या खेड्यात राहायला गेला आणि नंतर कधीच ब्रिटनबाहेर पडला नाही. तब्येत कायम नाजूक. आठ वर्षं त्याने शिंपल्यांसारख्या दिसणाऱ्या बार्नेकल या समुद्री जीवांवर घालवली. १८५१ मध्ये दहा वर्षांची लेक ॲनी गेली. १८५९ मध्ये ते जगप्रसिद्ध पुस्तक आलं आणि प्रवाळांचा डार्विन लोकांच्या विस्मरणात गेला.

१८८० मध्ये जॉन मरे या समुद्रशास्त्रज्ञाने वेगळी बाजू मांडली. तळ खचायची गरजच नाही, समुद्रातल्या उंचवट्यांवर सूक्ष्म जीवांची टरफलं साचून पाया तयार होतो, असं त्याचं म्हणणं होतं. डार्विन तेव्हा ७१ वर्षांचा होता. त्याने भांडण केलं नाही. अलेक्झांडर अगासी या अमेरिकन शास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने एवढीच इच्छा सांगितली, की कोणा श्रीमंताने एखाद्या कड्यावर पाच-सहाशे फूट भोक पाडून बघावं. खोलवर उथळ पाण्यातलेच प्रवाळ सापडले तर तळ खचलाय, नाहीतर नाही. १९ एप्रिल १८८२ ला तो गेला. उत्तर मिळालं नव्हतं.

१८९६ ते १८९८ या काळात लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रशांत महासागरातल्या फुनाफुती बेटावर भोक पाडलं. १,११४ फुटांपर्यंत प्रवाळांचाच चुनखडक लागला, ज्वालामुखीचा दगड लागला नाही, आणि दोन्ही बाजूंचे लोक आपणच बरोबर म्हणत राहिले. अखेर १९५२ मध्ये अमेरिकेने एनिवेटोक बेटावर भोक पाडलं तेव्हा सुमारे १,४०० मीटर चुनखडकाखाली काळा ज्वालामुखीचा दगड लागला. सगळ्यांत खालचे प्रवाळ सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे होते. मी भागाकार करून पाहिला. बेट वर्षाला सरासरी मिलिमीटरच्या पस्तिसाव्या भागाने खचत होतं. आपलं नख याच्या हजार पटीने वेगात वाढतं. डार्विन बरोबर ठरला, मृत्यूनंतर ७० वर्षांनी.

तरी लगूनची पूर्ण गोष्ट इथे संपत नाही. त्याच्या हिशोबात एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे समुद्र स्वतः वरखाली होतो. रेजिनाल्ड डॅली या भूवैज्ञानिकाने १९१० च्या दशकात हिमयुगाचा मुद्दा मांडला. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी जगातलं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफचं आजचं लगून म्हणजे कोरडं मैदान होतं आणि जुन्या प्रवाळभिंती म्हणजे त्या मैदानाच्या कडेच्या चुनखडीच्या टेकड्या. पाऊस तो चुनखडक विरघळवत होता. मग बर्फ वितळला, समुद्र वर आला, मैदान बुडून लगून झालं आणि जुन्या टेकड्यांच्या माथ्यावर नवे प्रवाळ बसले. आज दिसणारी जिवंत भिंत दहा हजार वर्षांच्या आतली आहे. समुद्र वर चढण्याचा तेव्हाचा सरासरी वेग वर्षाला नऊ मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे एनिवेटोकच्या खचण्याच्या तीनशे पट. तरीही पुष्कळ प्रवाळ टिकले.

आणि त्या कोऱ्या जागेचं काय? आखाताची सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. समुद्र १२० मीटर खाली गेला तेव्हा आखात उरलंच नव्हतं. तळावरून नदी वाहत होती. पाणी होर्मुझमधून आत शिरत शिरत आजच्या पातळीला आलं ते सहा-सात हजार वर्षांपूर्वी. इथे बुडालेला ज्वालामुखी नाही, चुनखडकाचं उथळ पठार आहे, म्हणून कडी नाहीत. डार्विनचं तेवढं वाक्य आजही खरं आहे. पण प्रवाळ आहेत. बहरीनच्या पूर्वेला फश्त अल अधम आणि उत्तरेला फश्त अल जारिम हे मोठे उथळ खडक आहेत. फश्त म्हणजे इथल्या कोळ्यांच्या भाषेत ओहोटीला उघडा पडणारा खडक.

भारतातून आलेले पाहुणे मोत्यांबरोबर पोवळ्याचीही चौकशी करतात. मंगळासाठी अंगठीत घालतात ते तांबडं पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, ते भिंती बांधत नाही. बहरीनचं पोवळं बघायचं तर मुहर्रकच्या जुन्या गल्ल्यांत जावं. तिथल्या घरांच्या भिंतींत समुद्रातून काढलेले प्रवाळाचे दगड आहेत, गिलावा पडला असेल तिथे त्यांची नक्षी बोटाला लागते. नाहीतर ओहोटीच्या वेळी बहरीनच्या किल्ल्यामागे जावं. जहाजं आत आणायला जुन्या लोकांनी किनाऱ्याच्या खडकातून कोरलेला मार्ग तिथे आहे, आणि किल्ल्याबरोबर तोही जागतिक वारसा आहे.

समुद्रातले जिवंत प्रवाळ मात्र अडचणीत आहेत. इथले प्रवाळ उन्हाळ्यात ३५ अंशांपर्यंतचं पाणी सोसतात. इतक्या उष्णतेत इतर समुद्रांतले बहुतेक मरतील, म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ त्यांचा अभ्यास करायला येतात. पण १९९६ आणि १९९८ च्या उन्हाळ्यांत त्यांचीही सहनशक्ती संपली. फश्त अल अधमवरचे बहुतेक प्रवाळ पांढरे पडून मेले. वरून तळ उपसून भराव टाकणं चालूच आहे. गेल्या काही दशकांत भरावाने देशाचं क्षेत्रफळ शंभर चौरस किलोमीटरहून जास्त वाढलं. उपसलेला गाळ प्रवाळांवर बसतो आणि त्यांचा उजेड अडवतो. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या कित्येकांची भाड्याची घरं याच भरावावर आहेत, माझंही.

डार्विनच्या कल्पनेत सगळं अवलंबून होतं ते वेगावर. प्रवाळांनी पाच कोटी वर्षं खचणारा तळ सोसला, हिमयुगानंतरचा चढता समुद्रही सोसला. एका उन्हाळ्यात दोन-तीन अंशांनी वाढणारं पाणी आणि एका हंगामात साचणारा गाळ ते सोसतील का, हे कुठल्या भोकातून कळणार नाही. ते आपल्या डोळ्यांसमोरच ठरणार आहे. या हिवाळ्यात गावाकडचं कोणी बहरीनला येणार असेल, तर मॉलच्या आधी त्यांना मुहर्रकच्या भिंती दाखवा. मुलांनाही बरोबर न्या, आणि हे दगड ज्या समुद्रातून आले त्याला डार्विनने रंग का दिला नव्हता, तेही त्यांना सांगा.